खुंटीवरचा हात

पुतण्याच्या, पप्पूच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेनं, वृषालीनं, आपला हात खुंटीला टांगला, आणि मला न विचारता टांगला. कुणाच्या घरात खुंटीला टोपी असते, कुणाच्या कासरा, कुणाच्या बाजाराची पिशवी. आमच्या घरात सुनेचा हात. वरच्या तोंडाला सुतळीचा फास, खाली पाच बोटं, आणि मनगटात अजून लग्नाचा हिरवा चुडा. दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर त्याच्यावर. पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी माणूस विचारणार, हे काय? आणि ही बाई झंपरच्या रिकाम्या बाहीला गाठ मारून खुशाल गोठ्यात शेण काढायला.

मी सांगितलं, काढ तो तिथनं. ती म्हणाली, बरं आत्या. पुन्हा सांगितलं, पुन्हा बरं आत्या. हात जागचा हलला नाही. उलट बोलणारी सून परवडली. उलट बोललं की भांडता येतं. बरं म्हणणारीशी माणूस काय भांडणार?

तिचा खरा हात गेला मागच्या पावसाळ्यात, कडबाकुट्टीत. गायांना उसाचं वाढं घालत होती. वाढं अडकलं, ते ढकलायला गेली. माझा मुलगा ऋषी मोटार बंद करायला धावला तोवर उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला होता. दवाखाने झाले, जखम भरली, माणूस वाचलं. त्याच्यावर मी जास्त बोलत नाही.

पण गेला तो उजवा. उजव्या हातानं बाई कुंकू लावते, ओटी भरते, जेवते. डाव्या हातानं घास घ्यायची पाळी आल्यावर तिनं आमच्यात बसणं सोडलं. सगळ्यांचं झालं की भिंतीकडं तोंड करून ताट घेऊन बसायची. डाव्या हातानं भाकरी मोडत नाही म्हणून आधी कोरड्यासात भिजवून ठेवायची. मी बघायचे, आणि बघितलं नाही असं करायचे. कांदा काटायला आमच्या आळीत हिच्या पुढं जाणारी बाई नव्हती. बसल्या जागी विळा चालला की पात एका अंगाला, कांदा एका अंगाला, बघणाऱ्याला वाटावं हे आपोआप होतंय. ती बाई आता भिंतीकडं तोंड करून भिजकी भाकरी खात होती.

मग आळेफाट्याला एका मंगल कार्यालयात शिबिर लागलं. पुण्याची कुठलीशी संस्था, हात-पाय बसवून देणारी. ऋषीनं मोबाईलवर वाचलं. आम्ही तिघं गेलो. आत खुर्च्यांवर सगळी अशीच माणसं, कुणाचा पाय ट्रॅक्टरखाली गेलेला, कुणाचा हात मळणीत. एकमेकांकडं बघत नव्हतं कुणी.

हात बसवणारा एक चष्म्याचा तरुण होता. नाव सांगितलं त्यानं, पण आम्ही त्याला हातवालाच म्हणत राहिलो. त्यानं टेबलावर दोन हात मांडले. एक म्हणजे आकडा. लोखंडाची दोन पाती चिमट्यासारखी, रबरानं घट्ट मिटलेली. त्याची दोरी पाठीवरून दुसऱ्या खांद्याला जायची. खांदा पुढं घेतला की चिमटा उघडायचा, सोडला की मिटायचा. दुसरा होता बॅटरीचा. त्याला पाच बोटं, बोटांना नखं, तळव्यावर रेघासुद्धा. कोपराखालची शीर आवळली की आतली मशीन कुंई करायची आणि मूठ मिटायची. मोबाईलसारखा चार्जिंगला लावायचा. दोन्हींतला एकच मिळणार होता.

वृषालीनं आकडा उचलला. हातवाल्यानं तो तिला वरवर बांधून दिला. टेबलावर सुतळीचा तुकडा पडला होता. तिनं तो चिमट्यात धरला आणि डाव्या हातानं ओढून बघितला. सुतळी निसटली नाही. पायाचा नेट लावून पुन्हा ओढली. तरी निसटली नाही. तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं. मला ते आवडलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं पप्पूच्या लग्नाचा मांडव होता. पप्पू माझ्या दिराचा मुलगा, आमच्या घरातलं शेवटचं लग्न. मांडवात सगळा गोतावळा, आणि त्यात माझी सून लोखंडी चिमटा घेऊन हिंडणार.

"गुरं बांधायचं दिसतंय," मी म्हणाले. "ठेव खाली."

हातवाल्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तिला विचारलं, "ताई, तुम्ही काम काय करता?"

तिनं तोंड उघडलं. मी आधी बोलले.

"घरातच असती. आमच्यात सुना शेतात जात न्हाईत."

बाजूच्या खुर्चीवर बोरी बुद्रुकचं एक मोठं घर बसलं होतं, सासू, सून, अंगावर सोनं. त्यांच्या देखत दुसरं काय बोलणार? आमच्यात मी म्हातारी सुद्धा अजून खुरपं घेऊन वाफ्यात बसते, ते तिथं सांगायचं कारण नव्हतं. ऋषी पायातल्या चपलेकडं बघायला लागला. वृषालीनं आकडा सोडला आणि टेबलावर ठेवला, वाजणार नाही असा.

हातवाला म्हणाला, घरातलंच काम असेल तर बॅटरीचा चालेल, पण पाणी, माती, घाम त्याला सोसत नाही. कांद्याच्या दिवसांत ते परत फाट्याला येणार होते. नाही जमला तर तेव्हा बदलून देऊ, त्याच्यानंतर नाही, असं त्यानं दोनदा बजावलं. मग त्यानं रंगाचे तुकडे काढले, साडीच्या दुकानात दाखवतात तसे. वृषालीनं डावा हात टेबलावर ठेवला. तिच्या हाताशी जुळत होता तो उन्हानं रापलेला, तांबूस काळा. मी त्याच्यापुढचा उजळ उचलला. माणूस रापतं ते रापतं, नवा हात घ्यायचा तो रापलेला का घ्यायचा? तिच्या लग्नाच्या फोटोत ती तशीच आहे.

पुढच्या खेपेला हात बसवून आणला, आणि आमच्या ओट्यावर बायकांची रीघ लागली. माझ्या माहेराहून आले, नारायणगावहून विहीणबाई आल्या. मी खुर्चीत बसायचे आणि वृषालीला हाक मारायचे. मूठ मीट. आता उघड. आता तो पेला उचलून दाखव. ती उचलायची. पाणी हिंदकळायचं, पण पेला पडायचा नाही. बायका तोंडाला पदर लावायच्या, पोरं म्हणायची पुन्हा, पुन्हा. मी म्हणायचे, बघा, माणसाच्या हाताला हरत नाही. एका हातानं काळी आणि एका हातानं गोरी दिसत होती ती, पण तोंडावर कुणी बोललं नाही.

बोलला तो कुशाबा. आमच्या मालकांच्या, ऋषीच्या बापाच्या वयाचा, पारावर बसणारा. काठी टेकून ओट्यापाशी उभा राहिला, सगळा खेळ बघितला आणि म्हणाला, "चिमे, नंदीबैल मोप शिकीवलास. आवंदा पाऊस हाय का ते बी इचार की त्याला."

बायका हसल्या. मालकांनी तळहातावरची तंबाखू झटकली आणि उठून मळ्याकडं गेले. वृषालीच्या त्या हातात अजून पेला होता. तिला तो खाली ठेवता येईना. मूठ उघडायला शीर सैल सोडायची, आणि तिचं सगळं अंगच आवळलेलं. शेवटी डाव्या हातानं तिनं बोटं उकलली आणि पेला घेऊन आत गेली. मी कुशाबाला बोलायचं ते बोलले. पण दुसऱ्या दिवशी बायका आल्या तेव्हा मी वृषालीला हाक मारली नाही. डोकं दुखतंय तिचं, म्हणून सांगितलं.

लग्नाच्या आधी चुडा भरायला बिबिजान आली. ती जुन्नरची. तिच्या सासूनं माझ्या लग्नाचा चुडा भरला होता, आणि आमच्या घरात तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या बांगड्या चढल्या नाहीत. ओसरीवर तिनं चटई टाकली, बांगड्यांचे तोडे मांडले, आणि आम्ही घरच्या सगळ्या बायका ओळीनं बसलो. वृषालीचा डावा हात झाला. मग तिनं उजवा पुढं केला. बिबिजानच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हात ढिला सोड गं."

वृषालीनं ढिला सोडायचा म्हणून काय केलं कोण जाणे, मशीन कुंई करून उठली आणि पंजा ताठ उघडला. बिबिजाननं अंगठ्याचं मूळ दाबून बघितलं. खऱ्या हाताची हाडं गोळा होतात, बोटं वेणीसारखी एकाखाली एक जातात, तेव्हा बांगडी चढते. हे काही गोळा होईना. तिनं जोर केला आणि बांगडी वाढली. दुसरी घेतली, ती वाढली. सवाष्णीच्या हातावर दोन बांगड्या वाढल्या, ऐन लग्नघरात. बिबिजान काचा पदरात गोळा करत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

तेव्हा वृषालीनं डाव्या हातानं त्या हाताचा पंजा धरला, पिळला, खट्ट आवाज झाला आणि पंजा सुटून आला. तिनं तो चटईवर ठेवला, लाटणं ठेवावं तसा. पप्पूची बहीण आई गं म्हणून मागं सरकली. मग बिबिजाननं सगळ्या बांगड्या एकदम त्या मोकळ्या टोकावरून आत सोडल्या आणि म्हणाली, "माझ्या जल्मात इतका सोपा चुडा कुनाला भरला न्हाई बाई."

सगळ्या हसल्या. वृषालीही हसली. मी नाही हसले. तो पंजा चटईवर पालथा पडला होता, गोरा, नखं वर करून.

जाताना बिबिजान दारात थांबली. आवाज बारीक करून म्हणाली, "चिमाबाई, या हातानं पोरीला काय काय करायचंय, ते इचारलं का तिला कुनी?"

मी म्हणाले, तुझ्या बांगड्या भरून झाल्या असतील तर निघ, जुन्नरची गाडी चुकेल.

हळदीच्या दिवशी पत्र्याच्या मांडवात उकाड्यानं जीव जात होता. सगळ्यांच्या पाठी भिजलेल्या. मीच वृषालीला पुढं ढकललं. उजव्या हातानं लाव, म्हणाले. तिनं त्या बोटांना हळद घेतली आणि पाटावर बसलेल्या पप्पूच्या गालाला लावली. आत घाम झाला असेल, का काय झालं असेल, मूठ मिटली ती पप्पूच्या गालासकट.

आधी तो हसला. सगळ्यांना वाटलं वहिनी थट्टा करते. मग म्हणाला, वहिनी, सोडा की. मग नुसतंच वहिनी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जितकी घाबरली तितकी तिची शीर आवळली, आणि शीर आवळली तशी बोटं रुतली. ऋषीनं धावत येऊन तिचा दंड धरला, थोपटला, तेव्हा कुठं पंजा उघडला. पप्पूच्या गालावर बोटांचे वळ. कुणीतरी मोबाईल धरून उभा होता. पप्पूचा मामा मोठ्यानं म्हणाला, चला, नवरीच्या आधी वहिनीनंच मुका घेतला. सगळा मांडव खिदळला, आणि वृषाली तो पिवळा पंजा हवेत धरून उभी, कुठं ठेवावा ते कळेना म्हणून.

त्या संध्याकाळी तिनं तो हात साबणानं पुसला, लिंबानं घासला, सोड्यानं घासला. आमच्या सगळ्यांची हळद तिसऱ्या-चौथ्या आंघोळीला उतरली. त्या हाताची उतरली नाही. रबरात मुरली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो खुंटीला गेला, तो अशी पिवळी बोटं घेऊन.

मांडवाचे बांबू सुटतायत तोवर कांदा तयार झाला. पात आडवी पडली, माना मऊ झाल्या. आणि ओतूरच्या अंगानं रोज दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं. काढलेल्या कांद्यावर पाऊस पडला की तो साठवणीच्या बराखीत टिकत नाही, सडतो. मजूर मिळत नव्हते, कुणालाच. आमच्या आळीत अशा वेळी सावड असते. आज सगळ्या बायका माझ्या रानात, उद्या सगळ्या तुझ्या. प्रत्येक घरातून एक बाई, आणि जिच्या रानात कुणी आलं, तिनं माणसामागं माणूस फेडायचं. हे कुणी लिहून ठेवत नाही. लिहायची गरज पडली तर ती सावडच नाही.

आमचा कांदा आधी आला होता, म्हणून बायका आधी आमच्याकडं आल्या. वृषाली बांधावर त्यांना चहा देत हिंडली, एका हातानं, आणि त्यांच्या विळ्यांकडं बघत. संध्याकाळी भागू माझ्याकडं आली. भागू सावडीतली जाणती, आमच्या वावराला तिचं वावर लागून. तिनं मऊ आवाजात सांगितलं की उद्या तिच्या रानात जायचं, पण वृषालीला पाठवू नका, कशाला त्रास तिला. "धरलं तुमचं माणूस."

धरलं म्हणजे आलं असं समजलं. आजवर ती सवलत एका म्हातारीला मिळाली होती आळीत, रखमाला, आणि ती अंथरुणाला खिळलेली होती.

"धरायचं कशाला?" मी म्हणाले. "आमचं माणूस येतंय."

सकाळी मी खुंटीवरचा हात काढला आणि वृषालीपुढं धरला. ती म्हणाली, "आत्या, मातीत चालत न्हाई म्हनला त्यो."

"घाल म्हणते ना."

ऋषी गाई सोडता सोडता थांबला. म्हणाला, हातवाल्याचा फोन आला होता, उद्या ते फाट्याला आहेत, बदलायचा असला तर उद्याच. मी म्हणाले, बदलायचं काही कारण नाही, तिला वळण नाही हात वापरायचं, वापरला की येईल. वृषालीनं हात चढवला.

माझे गुडघे धरलेले असतात. तरी मी तिच्या मागनं भागूच्या रानात गेले आणि बांधावर पात गोळा करायला बसले. सगळ्या बायका ओळीनं बसल्या. उपटलेला कांदा प्रत्येकीच्या पुढं, काटलेला मागं. मागच्या ढिगावरून बाई कळते. वृषालीनं विळा डाव्या हातात घेतला. त्या रबरी हातानं पात धरायची आणि डाव्या हातानं मान कापायची, एवढंच करायचं होतं. मशीन कुंई करायची, बोटं मिटायची, पात निसटायची. पुन्हा कुंई. पुन्हा निसटायची. रबराला पातीचा रस लागून ते बुळबुळीत झालं. माती सांध्यांत गेली. चुडा विळ्याच्या मुठीवर वाजत राहिला. शेजारच्या बायका एकमेकींशी बोलत होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. मग मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागल्या, लग्नात कुणाला कसली साडी आली ते.

ऊन चढलं तसा तो हात बंदच पडला. मिटला तो कांद्याची पात मुठीत धरून मिटला. आता तो धरीनाही आणि सोडीनाही. वृषालीनं तो मांडीवर टाकून दिला, कांदा पायाच्या अंगठ्याखाली दाबला आणि डाव्या हातानं कापायला लागली. अंगठ्याच्या बाजूला चिरा पडल्या, रक्त आलं, त्यावर माती बसली. ती वर बघत नव्हती.

दुपारी भाकरीसाठी सगळ्या उठल्या, तेव्हा मी तिच्या ढिगाकडं बघितलं आणि मला बरं वाटलं. ढीग चांगला होता. भागूच्या ढिगाच्या थोडाच खाली. भागू म्हणाली, "बघा चिमाबाई. सुनंनं केवढा काटलाय." बाकीच्या बायका भाकरीच्या फडक्याच्या गाठी सोडायला लागल्या, सगळ्या एकदम, माना खाली घालून.

मी गुडघे धरत ढिगापाशी गेले. एक कांदा उचलला. मान बोटभर ठेवून सरळ कापलेली. दुसरा उचलला, तो सरळ. तळातला काढला, त्याची मान तिरकी, एका बाजूला लांब, एका बाजूला कांद्याला विळा लागलेला. तो वृषालीचा. नवशिक्या डाव्या हाताचा. वरचे सगळे सरळ. बायका काटता काटता पायानं आपले कांदे मागनं तिच्या ढिगात सरकवत होत्या, आणि मी बांधावर बसून आपली सून जमवते आहे म्हणून खुशीत होते.

वृषाली माझ्यापाशी येऊन उभी राहिली. हळू म्हणाली, "त्यात माझा पाटीभर बी न्हाई, आत्या. मला कळत व्हतं."

मी ढिगात खाली बसले आणि सरळ मानेचे कांदे भागूच्या ढिगाकडं फेकायला लागले. एक, मग दुसरा, मग ओंजळीनं. थोड्या वेळानं वृषाली माझ्यासमोर बसली आणि डाव्या हातानं निवडायला लागली. तिरका खाली ठेवायचा, सरळ फेकायचा. आमच्या दोघींच्या मधला ढीग उतरत गेला. सगळ्या बायकांच्या देखत उतरत गेला. शेवटी जे उरलं त्यानं पाटीचा तळ झाकला, आणखी काही नाही.

भागूचे डोळे भरले होते. म्हणाली, "आमी जीव लावून केलं, चिमाबाई. हसायला न्हाई केलं."

"जीव लाव," मी म्हणाले. "पर तुझा कांदा तुझ्या ढिगात ठेव."

आम्ही परत निघालो. वाट पारावरून जाते. तिच्या मांडीपाशी तो हात लोंबत होता, मुठीत कांद्याची वाळकी पात, जशी कुणी झेंडी धरावी तशी. पारावर मालक होते, कुशाबा होता, आणखी दोघं-तिघं. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, कुशाबानं तोंड उघडलं की त्याला काय सांगायचं ते. कुशाबानं तिच्या मुठीकडं बघितलं, मग काठीच्या टोकाकडं बघितलं, आणि काही विचारलं नाही. ते मला नंदीबैलापेक्षा जास्त लागलं.

घरात आल्यावर वृषालीनं हात काढला आणि खुंटीकडं वळली. मी म्हणाले, आण इकडं. तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला.

तो हात मी निवडला होता, लोकांना दाखवला होता, खुंटीवरून काढून तिच्यापुढं धरला होता. पण मांडीवर घेऊन बघितला नव्हता. जड होता. पिवळी बोटं, नखांत माती, चुड्यातल्या निम्म्या बांगड्या गेलेल्या. मुठीतली पात काढायला गेले, तर ती तुटून तुटून हातात यायला लागली. बोटं उकलायला जोर लावला. उकलली नाहीत. मी शेवटचा तुकडा तसाच राहू दिला.

वृषाली माझ्यासमोर उभी होती. तिनं बाही वर सरकवली होती. त्या उरलेल्या हाताचं टोक लालभडक झालं होतं, घामानं कुजल्यासारखं, आणि जिथं तो रबरी हात घासायचा तिथं फोड फुटले होते. जुने फोड, नवे फोड. आजचेच नव्हते ते. खुंटीला हात टांगायच्या आधीचेही होते. ती सगळे दिवस गप्प राहिली होती, आणि मी तिला वळण नाही म्हणत होते.

मी कोनाड्यातली खोबरेलाची बाटली तिच्याकडं सरकवली. बाहेर आभाळ गडगडलं, पण पाऊस ओतूरकडंच राहिला. ऋषी दारात येऊन उभा राहिला, माझ्या मांडीवर काय आहे ते बघून आत आला नाही.

"हे बघ," मी वृषालीला म्हणाले. "उद्या ऋषीला घेऊन फाट्याला जा. मी येत न्हाई. त्या मानसाला तोंड दाखवायची सोय माझी मीच ठिवली न्हाई. त्यो इचारंल, काम काय करता. तवा गप ऱ्हाऊ नको. सांग, सावडीला जाते म्हनावं, सासू बी जाती. आन् त्यो आकडा घिऊन ये. पर एक ध्यानात ठेव. त्यो आकडा मला खुंटीला टांगल्याला दिसला न्हाई पायजे."